किती म्हणजे जास्त?

रात्री साडेदहाच्या सुमाराला लेकीने आतल्या खोलीतून हाक मारली, "आई, परत अडकलंय." काय अडकलंय ते विचारायची गरज नव्हती. घरातल्या सगळ्या यंत्रांना वेबसाइटचे पत्ते शोधून द्यायचं काम पुस्तकांच्या कपाटात ठेवलेला एक छोटा बोर्ड करतो. तो थबकला की कुठलंही पान उघडण्याआधी चार-पाच सेकंद नुसतं पांढरं राहतं. मी लॅपटॉप घेतला, बोर्डावर लॉगिन केलं आणि एचटॉप हा यंत्र किती कामात आहे ते दाखवणारा प्रोग्रॅम चालू केला. प्रोसेसरच्या चार कोअरच्या चार पट्ट्या जवळजवळ रिकाम्या. आणि त्यांच्या शेजारी लोड ॲव्हरेजचा पहिला आकडा, ६.४१.

लेक तोवर खुर्चीमागे येऊन उभी राहिली होती.

"लोड म्हणजे काय गं?"

"किती काम साचलंय ते."

"मग सहा म्हणजे जास्त?"

"चार कोअर आहेत ना, त्यामुळे चारच्या वर गेलं की जास्त समजायचं."

"पण पट्ट्या तर रिकाम्या आहेत."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. "मग नक्की किती म्हणजे जास्त?" असं विचारून ती झोपायला निघून गेली, आणि मी त्या दोन परस्परविरोधी आकड्यांकडे बघत बसले. सर्व्हर सांभाळण्याचं काम मी कितीतरी वर्षं केलंय. लोड ॲव्हरेजकडे रोज बघितलंय, त्यावरून माणसांना रात्री उठवलंय. पण तो आकडा नक्की काय मोजतो, हे मला धड सांगता येत नव्हतं.

हा बोर्ड म्हणजे रास्पबेरी पाय ४, ४ जीबी मेमरीचा. ८५ मिलिमीटर लांब, ५६ मिलिमीटर रुंद. २०१९ च्या जूनमध्ये हे मॉडेल आलं तेव्हा त्याच्या चार कॉर्टेक्स-ए७२ कोअरचा वेग १.५ गिगाहर्ट्झ होता. तळहातावर मावणाऱ्या वस्तूसाठी हे भरपूर आहे, पण ऐसपैस मात्र नाही. मोठ्या सर्व्हरवर आपल्या चुकीच्या समजुती वर्षानुवर्षं खपून जातात, कारण तिथे मेमरी, डिस्क, वीज सगळंच गरजेपेक्षा जास्त असतं. या बोर्डावर प्रत्येक गोष्ट काठाशी आहे. डिस्कच्या जागी नखाएवढं एसडी कार्ड, पंख्याच्या जागी धातूची पेटी, वीज येते ती एका केबलमधून. इथे आकड्याचा अर्थ चुकीचा लावला की दोन दिवसांत त्याचा परिणाम समोर येतो. म्हणूनच मला हे छोटे बोर्ड इतके आवडतात.

लोड ॲव्हरेज लिनक्सपेक्षा, म्हणजे या बोर्डावरच्या ऑपरेटिंग सिस्टिमपेक्षा, बरंच जुनं आहे. १९७३ सालच्या आरएफसी ५४६ या टिपणात टेनेक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवरच्या लोड ॲव्हरेजची नोंद आहे. मूळ कल्पना साधी: प्रोसेसर वापरत असलेल्या आणि प्रोसेसर मिळावा म्हणून रांगेत उभ्या असलेल्या प्रोसेस, म्हणजे चालू असलेले प्रोग्रॅम, मोजायच्या आणि त्यांची सरासरी काढत राहायचं. ती सरासरीही आपण शाळेत शिकतो तशी नसते. लिनक्सचं कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, साधारण दर ५ सेकंदांनी रांग मोजतं, जुन्या आकड्याला थोडं झिजवतं आणि नव्या मोजणीचा वाटा त्यात मिसळतं. त्यामुळे एका मिनिटाच्या लोडमध्ये सरलेल्या मिनिटाचा वाटा सुमारे ६३ टक्केच असतो. उरलेला त्याआधीचा असतो, विझत चाललेल्या निखाऱ्यासारखा.

माझं कोडं सुटलं ते १९९३ सालच्या एका बदलात. तोवर लिनक्सही फक्त प्रोसेसरची रांग मोजत होतं. मग माटियास उर्लिख्स यांनी एक पॅच, म्हणजे कोडमधला छोटा बदल, पाठवला. त्यांचं म्हणणं असं होतं की जलद स्वॅप-डिस्क (मेमरी अपुरी पडली की वापरायची डिस्क) काढून तिथे संथ डिस्क लावली, तर यंत्र संथ होतं पण लोड मात्र कमी दिसतो, आणि हे काही पटण्यासारखं नाही. तेव्हापासून लिनक्स डिस्कच्या उत्तराची वाट बघत खोळंबलेल्या प्रोसेसही लोडमध्ये धरतं. यादीत त्यांच्या नावापुढे 'डी' हे अक्षर येतं. ही खोळंबण्याची अवस्था अशी की तिच्यातून प्रोसेसला सक्तीने बाहेर काढायची कमांड दिली तरी ती हलत नाही. डिस्ककडून उत्तर आल्यावरच सुटका.

म्हणजे ६.४१ मध्ये प्रोसेसरच्या रांगेत कदाचित एकही जण नव्हता. सगळे कार्डाच्या दारात ताटकळत होते. आणि एचटॉपच्या पट्ट्या, वेगळं सांगितल्याशिवाय, हा ताटकळण्याचा वेळ दाखवतच नाहीत. म्हणून त्या रिकाम्या. दोन्ही आकडे खरं बोलत होते. एक प्रोसेसरची कहाणी सांगत होता, दुसरा सगळ्या यंत्राची, आणि मी दोघांना एकच प्रश्न विचारत होते.

मी जुनं टॉप उघडलं. त्यात प्रोसेसरच्या ओळीत 'डब्ल्यूए' नावाचा एक आकडा असतो. प्रोसेसर रिकामा आहे, पण तो डिस्कचं काम अडलंय म्हणून, असा वेळ त्यात दिसतो. तो ७० च्या पुढे होता. मग 'डी' अवस्थेतल्या प्रोसेसची यादी काढली. त्यात पत्ते शोधणाऱ्या सेवेची नोंदी लिहिणारी प्रोसेस होती, फाइल सिस्टिममधल्या बदलांची नोंद ठेवणारा जेबीडी२ हा कर्नलचा धागा (थ्रेड) होता, आणि बाकी सगळे धागे एकाच प्रोग्रॅमचे होते.

तो प्रोग्रॅम मीच तीन आठवड्यांपूर्वी बसवला होता. बोर्डाची तब्येत बघण्यासाठी.

इथे थोडं थांबून कबुली द्यायला हवी. मला आलेख फार आवडतात. काळ्या पडद्यावर हिरव्या-निळ्या रेषा डावीकडे सरकताना दिसल्या की सगळं आपल्या नजरेखाली आहे असं वाटतं आणि मन शांत होतं. म्हणून मी मोठ्या सर्व्हरसाठी असते तशी निरीक्षण-प्रणाली या छोट्या बोर्डावर बसवली होती. ती दर ५ सेकंदांनी शेकडो आकडे गोळा करायची, प्रत्येक कोअरचे, प्रत्येक नेटवर्क जोडणीचे, मेमरीच्या प्रत्येक कप्प्याचे, आणि बोर्डावरच्याच डेटाबेसमध्ये टाकायची. त्यातल्या नव्वद टक्के आकड्यांकडे मी एकदाही बघितलं नव्हतं. पण ते 'असावेत' असं वाटत होतं. कधी लागले तर?

त्या आकड्यांची किंमत एसडी कार्ड मोजत होतं. कार्डातली फ्लॅश मेमरी कागदाच्या वहीसारखी नसते, की एक शब्द खोडला आणि तिथेच दुसरा लिहिला. लिहिताना काही किलोबाइटचं पान एकदम लिहावं लागतं, आणि पुसताना तर कितीतरी पानांचा अख्खा ब्लॉक एकदम पुसावा लागतो. त्यामुळे शंभर बाइट बदलायचे असले, तरी आत कार्डाचा छोटा कंट्रोलर शेजारची पानं उचलतो, नव्या जागी लिहितो आणि जुना ब्लॉक पुढे कधीतरी पुसायला ठेवतो. आपण लिहितो त्याच्या कित्येक पट लिखाण आत होतं. प्रत्येक ब्लॉक ठरावीक वेळाच पुसता येतो, म्हणजे कार्डाचं आयुष्यही त्याच हिशोबाने खर्च होतं. आणि डेटाबेस तर प्रत्येक नोंदीनंतर 'हे खरंच कार्डावर पोहोचलं का?' याची खात्री मागतो आणि ती मिळेपर्यंत खोळंबतो. तेच ते 'डी'.

माझ्या कार्डावर मोठ्या अक्षरात १० छापलेलं होतं. क्लास १०, म्हणजे सेकंदाला निदान १० मेगाबाइट. माझी निरीक्षण-प्रणाली सेकंदाला १० मेगाबाइटच्या जवळपासही लिहीत नव्हती, मग कार्ड कमी का पडावं? कारण तो १० सलग लिखाणाचा आहे. कॅमेऱ्यातून एक लांबलचक चित्रफीत ओतली जाते, तसं लिखाण. इकडून चार किलोबाइट, तिकडून चार किलोबाइट, अशा विखुरलेल्या लिखाणाबद्दल तो एक अक्षरही बोलत नाही. त्यासाठी २०१६ मध्ये ए१ नावाची वेगळी श्रेणी आली. तिच्यात सेकंदाला निदान १,५०० विखुरलेली वाचनं आणि ५०० विखुरलेली लेखनं होतील याची हमी असते. त्यापुढच्या ए२ मध्ये हेच आकडे ४,००० आणि २,०००. माझ्या कार्डावर यातलं काहीच छापलेलं नव्हतं. मी दुकानात उभी राहून एक आकडा वाचला होता, आणि तो मला हव्या असलेल्या प्रश्नाचं उत्तर आहे असं गृहीत धरलं होतं.

रात्री साडेअकराला मी ती प्रणाली बंद केली. लोड लगेच खाली आला नाही, आणि तो का येत नाही हे आता मला ठाऊक होतं, तो निखारा विझायला वेळ लागतो. पाचेक मिनिटांत पहिला आकडा, एका मिनिटाचा, ०.३ वर आला. तिसरा, पंधरा मिनिटांचा, अजून चारच्या पुढे होता. एक, पाच आणि पंधरा मिनिटांचे हे तीन आकडे शेजारी ठेवण्यात खरी गंमत आहे. पहिला तिसऱ्यापेक्षा बराच लहान असेल तर वादळ ओसरतंय, मोठा असेल तर घोंघावत येतंय. एकट्या आकड्याला ही दिशा नसते.

बघण्याचीही किंमत असते, हे मला तत्त्व म्हणून माहीत होतं. पण मोठ्या सर्व्हरवर निरीक्षणाचा बोजा नगण्य असतो आणि त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. इथे माझ्या बघण्यानेच बोर्ड आजारी पडला होता, आणि तो आजार मी त्याच आलेखांमध्ये शोधत होते. त्या तीन आठवड्यांत लेकीने "अडकलंय" म्हटलं की मी आधी आलेख उघडायची. आलेख उघडायचा म्हणजे डेटाबेसमधून हजारो आकडे वाचायचे. ते वाचन त्याच कार्डावरून. याचं मला मनापासून वाईट वाटलं.

नंतरच्या महिन्यांत मी एकेक आकडा हातात घेऊन तो कुठून येतो ते बघायला लागले. लिनक्समध्ये हे सोपं आहे, कारण बहुतेक सगळं 'प्रॉक' नावाच्या फोल्डरमध्ये साध्या मजकुराच्या रूपात मिळतं. या फाइली कुठल्याही डिस्कवर नसतात. आपण वाचायला गेलो की त्या क्षणी कर्नल त्या लिहून देतं. टॉप, एचटॉप, फ्री, अपटाइम ही सगळी मंडळी इथूनच वाचतात आणि सजवून दाखवतात. सजावट काढून मूळ ओळ वाचायची सवय लागली की बऱ्याच भीती आपोआप जातात.

मेमरीची भीती तशीच गेली. फ्री कमांडमध्ये 'फ्री' या नावाखाली ४ जीबीपैकी जेमतेम १८० एमबी दिसायची आणि मला धडकी भरायची. पण तो आकडा फक्त कुणीच न वापरलेली मेमरी मोजतो, आणि लिनक्स मेमरी नुसती पडू देत नाही. वाचलेल्या फाइली तिथे जपून ठेवतं, कुणाला जागा लागली की सोडून देतं. बघायचा तो शेजारचा 'अव्हेलेबल', म्हणजे स्वॅपला हात न लावता नव्या प्रोग्रॅमला साधारण किती मिळेल याचा अंदाज. २०१४ च्या ३.१४ या आवृत्तीपासून कर्नल तो स्वतः देतं. माझ्याकडे तो कायम अडीच जीबीच्या पुढे असतो. मेमरीबद्दल मला याहून जास्त काळजी करावी लागली नाही.

टक्क्यांनी मात्र मला चांगलंच फसवलं.

फोटोंच्या छोट्या प्रती तयार करायचं एक काम बोर्ड आठवड्यातून एकदा करतो. कधी ते वीस मिनिटांत व्हायचं, कधी पाऊण तास लागायचा. फोटो तेवढेच, प्रोग्रॅम तोच. दोन्ही वेळा चारही कोअर १०० टक्के. आता डिस्कचं खोळंबणंही नव्हतं, तेही बघून झालं होतं. मी कितीतरी दिवस फोटोंच्या आकारात कारण शोधत राहिले.

प्रोसेसरचा टक्का म्हणजे केलेलं काम, असं आपण मनात धरलेलं असतं. तो खरं तर वेळ मोजतो, शंभरातले किती क्षण प्रोसेसर कामात होता ते. त्या क्षणांत त्याचा वेग किती होता याबद्दल टक्का गप्प असतो. माझ्या बोर्डाचा वेग कधी १,५०० मेगाहर्ट्झ असायचा आणि कधी ६००. दोन्ही वेळा शंभर टक्के, आणि कामात अडीच पटींचा फरक.

वेग कोण कमी करत होतं, याचा शोध रंजक होता. या बोर्डात मुख्य प्रोसेसरच्या आधी ग्राफिक्सचा व्हिडिओकोअर जागा होतो, आणि वीज आणि तापमानावर पहारा तोच ठेवतो. लिनक्सचं कर्नल वेग मागतं आणि हा पहारेकरी त्याला योग्य वाटेल तेवढा देतो. त्यामुळे कर्नलला विचारलं तर त्याने मागितलेला वेग कळतो. प्रत्यक्ष मिळालेला वेग पहारेकऱ्यालाच विचारावा लागतो, आणि त्यासाठी वेगळी कमांड आहे. तिच्याच भावंडांत 'गेट थ्रॉटल्ड' नावाची एक कमांड आहे, आणि या बोर्डावर मला एकच आकडा बघायची मुभा दिली तर मी तोच निवडेन.

मला तिने उत्तर दिलं ५०००५. ही हेक्साडेसिमल, म्हणजे सोळाच्या आधारावर लिहिलेली, संख्या आहे, तिच्यातला एकेक बिट म्हणजे एकेक दिवा. उजवीकडचे चार दिवे या क्षणाचे: विजेचा दाब कमी आहे का, वेगावर मर्यादा घातली आहे का, प्रोसेसरला आवरलं जातंय का, तापमानाची सौम्य मर्यादा ओलांडली आहे का. आणि सोळाव्या बिटापासून हेच चार दिवे पुन्हा, पण त्यांचा अर्थ 'बोर्ड चालू झाल्यापासून असं कधी घडलं का'. ५०००५ म्हणजे दाब आत्ता कमी आहे, प्रोसेसरला आत्ता आवरलेलं आहे, आणि हे दोन्ही नोंदवहीतही आहे. ज्याने कुणी हे वरचे चार बिट ठेवले त्याचे मला आभार मानावेसे वाटतात. मध्यरात्री दोन सेकंदांसाठी दाब पडला, तर तेव्हा मी जागी नसते आणि कुठलाही आलेख तो क्षण नेमका टिपेलच असं नाही. हा आकडा मात्र पुढच्या रीबूटपर्यंत ते लक्षात ठेवतो.

दाब सुमारे ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की बोर्ड तक्रार करतो. माझा ॲडॉप्टर ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा होता, तसं त्याच्यावर लिहिलेलंच होतं. पण तो आकडा ॲडॉप्टरच्या तोंडाशी खरा. तिथून बोर्डापर्यंत दोन मीटरची बारीक केबल होती. तारेचा रोध जाता-येता मिळून ०.२ ओहम धरला आणि बोर्डाने २ अँपिअर ओढले, तर वाटेतच ०.४ व्होल्ट गळतात. ५ मधून ०.४ गेले, उरले ४.६. बोर्ड निवांत असताना तो इतका प्रवाह ओढत नाही, तेव्हा सगळं ठीक. चारही कोअर कामाला लागले आणि बाहेरची डिस्क फिरायला लागली की दाब पडायचा, म्हणजे नेमका गरजेच्या वेळीच वेग कमी. बाहेरची डिस्क जोडलेली असेल त्या आठवड्यात पाऊण तास, नसेल त्या आठवड्यात वीस मिनिटं. या बोर्डासाठीचा अधिकृत ॲडॉप्टर ५.१ व्होल्टचा का असतो, तो वरचा ०.१ कशासाठी, हे मला त्या दिवशी समजलं. आखूड आणि जाड केबल लावली. तेव्हापासून तो आकडा शून्य आहे.

तापमानाचं म्हणाल तर बोर्ड ८० अंशांपासून वेग कमी करायला लागतो आणि ८५ ला आणखी कठोर होतो. ही मर्यादा चिपची, खोलीची नव्हे. लोक ६० अंश बघून घाबरतात, पण ६० ला या चिपला काहीही होत नाही. तरीही मला एकदा ४७ हा आकडा जास्त वाटला आणि ते खरं निघालं. पहाटे तीनला काही काम नसताना हा बोर्ड ४१ च्या आसपास असतो, गेल्या कित्येक रात्रींच्या नोंदी तेच सांगत होत्या. मग सलग दोन रात्री ४७. लोड तोच, वेग तोच, खोलीही तशीच थंड. सकाळी कपाटाजवळ जाऊन बघितलं तर धातूच्या पेटीवर लेकीची जाड वही आडवी ठेवलेली होती. वही उचलली, त्या रात्री पुन्हा ४१. कुठल्याही पुस्तकात ४७ ला धोक्याचा आकडा म्हटलेलं नाही. तो फक्त या बोर्डासाठी, या कपाटात, पहाटे तीनला जास्त होता.

घड्याळाचा धडा मला सगळ्यात उशिरा मिळाला. नोंदींत एकदा असं दिसलं की बोर्ड बंद पडण्याच्या आधीच पुन्हा चालू झाला होता. पाय ४ मध्ये वीज गेल्यावरही चालत राहणारं घड्याळ नाही. (पाय ५ मध्ये ते आहे, फक्त त्याची छोटी बॅटरी वेगळी जोडावी लागते.) चालू होताना बोर्ड शेवटी जपून ठेवलेली वेळ उचलतो आणि तिथून पुढे चालायला लागतो, मग नेटवर्क मिळालं की खऱ्या वेळेवर उडी मारतो. मधल्या नोंदींवर भूतकाळाचा शिक्का बसतो. आता मी प्रत्येक नोंदीत तारखेशेजारी अपटाइमही लिहिते, बोर्ड चालू झाल्यापासूनचे सेकंद. बोर्ड चालू आहे तोवर ते कधी मागे जात नाहीत.

ती मोठी प्रणाली काढल्यावर तिच्या जागी मी पंचवीस ओळींची एक शेल स्क्रिप्ट, म्हणजे कमांडांची छोटी यादी, लिहिली. मिनिटाला एक ओळ: तारीख, अपटाइम, लोडचा पहिला आणि तिसरा आकडा, 'डी' अवस्थेतल्या प्रोसेसची संख्या, उपलब्ध मेमरी, तापमान, प्रत्यक्ष वेग, थ्रॉटल्डचा आकडा आणि बोर्ड चालू झाल्यापासून कार्डावर लिहिलेले सेक्टर. ओळ जाते ती मेमरीतल्या तात्पुरत्या फाइलमध्ये, आणि तासातून एकदाच साठ ओळी एकदम कार्डावर जातात. पाच किलोबाइटसुद्धा भरत नाहीत. मध्येच वीज गेली तर तासाभराच्या नोंदी जातील. यावर मी बराच विचार केला आणि जाऊ देत असं ठरवलं.

सेक्टरचा आकडा मी मुद्दाम घेतला. मिनिटातून एकदा बघायचं तर मधली एकोणसाठ सेकंदं हातून सुटतात. तापमान किंवा 'डी'ची संख्या हे आकडे गाडीच्या वेगाच्या काट्यासारखे आहेत, बघितलं त्या क्षणाचंच सांगतात. सेक्टर मात्र किलोमीटरच्या आकड्यासारखे साठत जातात. दोन ओळींमधली वजाबाकी केली की मधल्या वेळेत झालेलं सगळं लिखाण त्यात येतं, मी बघत असले किंवा नसले तरी. एक सेक्टर ५१२ बाइटचा धरायचा, कार्डाची आतली रचना काहीही असो. असे साठत जाणारे आकडे थोड्या वेळा बघितले तरी पुरतात, आणि छोट्या बोर्डासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

आणखी एक काम बोर्डाबाहेरून करावं लागतं. पूर्ण गोठलेला बोर्ड 'मी गोठलोय' असा निरोप पाठवू शकत नाही. म्हणून दर मिनिटाला तो दुसऱ्या एका जुन्या यंत्राला छोटीशी हाळी देतो, आणि सलग तीन हाळ्या चुकल्या की ते यंत्र मला कळवतं. शिवाय बोर्डावर हार्डवेअरचा वॉचडॉग आहे. सुमारे १५ सेकंदांत त्याला कुणी थोपटलं नाही तर तो बोर्ड रीबूट करतो. तोही चालू ठेवलाय, पण त्याने काम केलं की 'का' हे कळत नाही आणि थ्रॉटल्डची आठवणही पुसली जाते. म्हणून रीबूट होणं हे मी दुरुस्ती मानत नाही.

आलेखांची आठवण येते कधी कधी. रविवारी मी आठवड्याच्या नोंदी लॅपटॉपवर उतरवते आणि तिथे रेषा काढते. बोर्डाला त्याचा काही त्रास होत नाही.

गेल्या रविवारी लेक शेजारी येऊन बसली आणि 'डी'च्या रेषेवर बोट ठेवून म्हणाली, "हे बघ, इथे उंचवटा आहे." सोमवारी मध्यरात्रीनंतर काही मिनिटं 'डी'चा आकडा दोन झाला होता. मी तो बघितलाच नव्हता, कारण लोड चारच्या खालीच होता. आम्ही बोर्डाच्या टायमरची, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची, यादी उघडली. तिने एकेक ओळ वाचली आणि आठवड्यातून एकदा, सोमवारी, चालणाऱ्या एफएसट्रिमवर थांबली.

"हे काय करतं?"

"ज्या फाइली आपण पुसल्यात त्यांच्या जागा आता रिकाम्या आहेत, असं कार्डाला सांगतं. एरवी कार्डाला ते कळत नाही, ते बिचारं जुना मजकूर जपत बसतं."

"मग याला किती वेळ लागायला हवा?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "त्याच्या आधीचा सोमवार काढ."

तिने फाइल उघडली आणि आम्ही दोघी ओळी मोजायला लागलो.